एपी परीक्षा: कोणत्या द्यायच्या, कोणत्या सोडायच्या?

काटेसावर
एपी म्हणजे अमेरिकी हायस्कुलांत चालणारे कॉलेजच्या पातळीचे वर्ग आणि त्यांच्या परीक्षा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शाळेत एपीच्या परीक्षांची नोंदणी पक्की करावी लागते, आणि ऑक्टोबर उजाडला की इथे तेच प्रश्न चार वेगवेगळ्या धाग्यांवर येतात. म्हणून एकदाच सगळं एका ठिकाणी.

समजा, मुलगी अकरावीत आहे. यंदा कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स १, इंग्लिश लँग्वेज आणि यूएस हिस्टरी असे चार एपी वर्ग. बारावीत केमिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्स ए आणि फिजिक्स सी घ्यायचा विचार. कल इंजिनिअरिंगकडे. पूर्वी सॅटच्या सब्जेक्ट टेस्ट होत्या. मॅथ लेव्हल २ आणि एखादं शास्त्र दिलं की भागायचं. जानेवारी २०२१ मध्ये त्या अमेरिकेत बंद झाल्या आणि बाहेरच्या देशांत त्याच वर्षी जूनमध्ये शेवटच्या झाल्या. आता विषयाची परीक्षा म्हटली की एपीच.

प्रश्न तीन. वर्ग घेतला म्हणजे परीक्षा द्यायलाच हवी का? कोणती सोडली तर चालेल? आणि वर्ग न घेता नुसती परीक्षा द्यावी का? "आमच्या चिरंजीवांनी अकरा दिल्या" छापाचे प्रतिसाद कृपया टाळा, नेमकं लिहा.

त्रिज्या
वर्ग आणि परीक्षा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

ट्रान्सक्रिप्टवरची (शाळेच्या गुणपत्रकावरची) ग्रेड आणि वेटेड जीपीए (अवघड वर्गांना जादा वजन देऊन काढलेली ग्रेडची सरासरी) वर्गातून येतात. परीक्षा मे महिन्यात दोन आठवडे चालतात, निकाल जुलैत लागतो, स्कोअर १ ते ५. वर्गात ए असून परीक्षेत ३ पडू शकतात आणि उलटही होतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीएला जो जादा गुण देते तो वर्गाचा असतो, तोही जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना आणि त्यातल्या दहावीच्या चारपेक्षा जास्त नाहीत. परीक्षा दिली नाही म्हणून तो जात नाही. काही शाळा मात्र वर्ग घेतला तर परीक्षा सक्तीची करतात, ते काउन्सिलरला आधी विचारा.

दुसरी गोष्ट तारखांची. प्रवेशाचे अर्ज बारावीच्या हिवाळ्याआधीच जातात. म्हणजे अर्जावर दिसणार ते अकरावीपर्यंतच्या परीक्षांचे स्कोअर. बारावीच्या मे महिन्यात दिलेल्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत कॉलेज ठरलेलं असतं. तिचा उपयोग फक्त क्रेडिट (कॉलेजच्या पदवीत धरला जाणारा कोर्स) आणि प्लेसमेंटसाठी (थेट वरच्या वर्गात बसण्यासाठी). म्हणून अकरावीत विचारायचं, "अर्जाला बळ देईल का?" आणि बारावीत विचारायचं, "ज्या कॉलेजात चाललोय तिथे काय मिळेल?" दोन्ही वर्षांना एकच फूटपट्टी लावली की पैसे आणि मे महिना दोन्ही वाया जातात.

पावकी_निमकी
पैशांचं मी लिहितो.

२०२५ मध्ये अमेरिकेत एका परीक्षेचे ९९ डॉलर, बाहेरच्या देशांत १२९. मुदतीनंतर नोंदवली तर वर ४०. नोंदवून दिली नाही तरी ४० जातात. वरच्या उदाहरणातल्या चार म्हणजे ३९६ डॉलर. लोक फसतात ते जोडविषयांत: मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स या दोन परीक्षा, दोन फिया. फिजिक्स सीचं तसंच, मेकॅनिक्स एक आणि इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम दुसरी. वर्गाचं नाव "फिजिक्स सी" एवढंच असलं तरी शाळेला विचारा की दोन्हींची तयारी करून घेणार की फक्त मेकॅनिक्सची.

दर वर्षी एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतो, पण कॉलेजचं नाव २० जूनपर्यंत टाकायचं. नंतर प्रत्येक वेळी १५ डॉलर. बारावीच्या मुलांनी जाणार त्याच कॉलेजचं नाव तिथे टाकावं, हे अनेकदा सुट्टीच्या धांदलीत राहून जातं.

घाटमाथा
क्रेडिटच्या बाबतीत "३ पडले की क्रेडिट" हे वाक्य घरातून हद्दपार करा. कॉलेज, तिथला विभाग आणि स्कोअर अशा तीन चाळण्या असतात.

टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ आणि वरच्या स्कोअरला क्रेडिट द्यावं असा कायदाच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाही ३ पासून युनिटं (क्रेडिट मोजायची मापं) देते. पण ती युनिटं पदवीच्या कुठल्या अटीत बसतात ते कॅम्पस आणि त्यातलं कॉलेज ठरवतं, आणि इंजिनिअरिंगवाले सहसा जास्त कडक. शिवाय इंग्लिश लँग्वेज आणि लिटरेचर दोन्ही दिल्या तरी मिळून आठ क्वार्टर युनिटंच. कॅल्क्युलस एबी आणि त्याहून जास्त भाग असलेल्या बीसीचंही तेच. म्हणजे दुसऱ्या इंग्लिशची फी भरायच्या आधी हिशेब मांडा.

दुसऱ्या टोकाला कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथमध्ये एपीवर पदवीचं क्रेडिट मिळत नाही, फक्त वरच्या वर्गात बसता येतं. एमआयटी कॅल्क्युलस बीसीच्या ५ ला पहिला कॅल्क्युलस सोडते, पण केमिस्ट्रीच्या ५ ला काहीच नाही. त्यांची स्वतःची परीक्षा द्यावी लागते.

करायचं काय? पाच-सहा कॉलेजं निवडा. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर एपी क्रेडिटचा तक्ता असतो, शक्यतो त्या विभागाचा उघडा. एका कागदावर ओळीत परीक्षा, रकान्यात कॉलेज. चौकटीत तीनच शब्दांपैकी एक: "कोर्स सुटतो", "नुसती युनिटं", "काही नाही". ज्या ओळीत सगळीकडे "काही नाही" येईल ती परीक्षा फक्त अर्जासाठी. आणि मूल बारावीत असेल तर तेवढंही कारण उरत नाही.

ओसरी
घाटमाथा, सहमत, पण एक भर. क्रेडिट मिळालं म्हणून वापरलंच पाहिजे असं नाही. बीसीवर दोन सेमिस्टरचा कॅल्क्युलस सुटतो आणि मूल थेट तिसऱ्यात जाऊन बसतं. शाळेत सिरीज घाईत उरकली असेल तर तिथे घसरतं. अशा वेळी दुसरा कॅल्क्युलस पुन्हा घेतलेला बरा. पण जो कोर्स सुटला होता तोच पुन्हा घेतला तर बहुतेक ठिकाणी एपीचं क्रेडिट जातं, दोन्ही खिशात राहत नाही.

मेडिकलकडे जायचं असेल तर बायोलॉजी आणि केमिस्ट्रीच्या क्रेडिटवर विसंबू नका. अनेक मेडिकल स्कूलना हे विषय कॉलेजातच केलेले हवे असतात. एपी बायोलॉजीची परीक्षा अर्जासाठी द्या, "वर्ष वाचवायला" नको.

काटेसावर
फिजिक्स १ चं काय करायचं? यात सगळ्यात जास्त मतभेद ऐकू येतात.

त्रिज्या
कारण ती परीक्षा दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. फिजिक्स १ बीजगणितावर आधारलेली. इंजिनिअरिंगच्या विभागांना कॅल्क्युलसवालं फिजिक्स हवं असतं, त्यामुळे फिजिक्स १ च्या ५ ला तिथे बहुतेक वेळा नुसती युनिटं मिळतात, पहिला फिजिक्सचा कोर्स सुटत नाही. आणि ५ मिळवणं सोपंही नव्हतं. कितीतरी वर्षं पूर्ण ५ मिळवणारी मुलं दहा टक्क्यांच्या आत होती.

२०२४-२५ मध्ये चारही फिजिक्स परीक्षा बदलल्या. फिजिक्स २ मधलं द्रवांचं प्रकरण फिजिक्स १ मध्ये आलं. सगळ्यांचा साचा एकच झाला: ८० मिनिटांत ४० बहुपर्यायी, १०० मिनिटांत ४ दीर्घोत्तरी. यात एक मेख आहे. फिजिक्स सीच्या जुन्या पेपरात ४५ मिनिटांत तीन दीर्घोत्तरी होत्या, म्हणजे एकीला १५ मिनिटं. आता एकीला २५. जुने पेपर सोडवा, पण घड्याळ लावून सोडवून "जमत नाही" म्हणून रडू नका, आणि वेळ न लावता सोडवून खूशही होऊ नका. प्रयोगाची आखणी, आलेखातून सूत्र, शब्दांतलं स्पष्टीकरण आणि गणित जुळवणं हे प्रश्न आता ठरलेले आहेत. त्यांचा सराव नव्या नमुन्यांवरच होतो.

उदाहरणातल्या मुलीबद्दल माझं मत: बीसी चालू असताना फिजिक्स १ केलं असेल, तर मेकॅनिक्सचा निम्म्याहून जास्त मजकूर तिने पाहिलेला आहे. गती, बल, ऊर्जा, संवेग, परिवलन, आंदोलन हे दोन्हीकडे. सीमध्ये वरून लागतं ते: वेगानुसार बदलणाऱ्या रोधाचं डिफरन्शियल समीकरण, इंटिग्रलने काढलेलं जडत्व आघूर्ण आणि वस्तुमान केंद्र, स्थितिज ऊर्जेच्या वक्राचा उतार. हे डिसेंबर ते एप्रिल आठवड्याला तीन तास दिले तर होतं. शाळा बसू देत असेल तर फिजिक्स १ ऐवजी सरळ सी मेकॅनिक्स द्यावी.

उंबरठा
अर्धं पटलं. शाळेत बारावीला सीचा वर्ग ठरलेलाच असेल तर अकरावीत त्या परीक्षेची घाई कशाला? अर्जात फिजिक्सचा एखादा स्कोअर दिसावा एवढंच असेल तर फिजिक्स १ द्या. सरावात सातत्याने ४ च्या वर जात नसेल तर सोडा. तसं पाहिलं तर अकरावीत बीसीचा ५ असेल तर इंजिनिअरिंगच्या अर्जावर फिजिक्स १ ची उणीव कोणाला जाणवणार नाही.

लाल_शाई
कॅल्क्युलसच्या दीर्घोत्तरीत गुण कुठे जातात ते सांगते, कारण ५ आणि ४ मधला फरक बहुतेक इथेच पडतो.

दीर्घोत्तरी सहा: पहिल्या दोन कॅल्क्युलेटरसह ३० मिनिटांत, उरलेल्या चार त्याशिवाय ६० मिनिटांत. प्रत्येकी नऊ गुण.

कॅल्क्युलेटरच्या भागात नुसतं उत्तर लिहिलं तर गुण बुडतात. आधी इंटिग्रल मर्यादांसह मांडायचा, मग उत्तर, दशांशानंतर तीन स्थळं. मधल्या पायरीत दोन स्थळांवर गोल केलं तर शेवटचं तिसरं स्थळ चुकतं आणि उत्तराचा गुण जातो. कॅल्क्युलेटर डिग्रीत राहिला तर आख्खा प्रश्न गेला. आदल्या रात्री रेडियनवर आहे ना बघा.

डिफरन्शियल समीकरणात चले दोन बाजूंना वेगळी केलीच नाहीत तर त्या भागाला शून्य, पुढचं कितीही बरोबर असो. वेगळी केली पण इंटिग्रेशननंतरचा स्थिरांक लिहायला विसरलं, तर पुढचे बरेच गुण बंद. हा स्थिरांक त्याच ओळीत लिहायचा, "शेवटी टाकू" म्हटलं की राहतो.

"का ते सांगा" असं विचारलं की मुलं लिहितात, "तो वाढतोय म्हणून." तो कोण? फंक्शन, पहिलं डेरिव्हेटिव्ह की दुसरं? नाव घेतल्याशिवाय गुण नाही. मीन व्हॅल्यू थिअरम वापरलं तर फंक्शन सलग आणि डिफरन्शिएबल आहे हे आधी लिहायचं. मधल्या मूल्याच्या थिअरमला सलगता पुरे. स्पीड विचारली असताना व्हेलॉसिटीचं चिन्ह तपासून सोडून द्यायचं नाही: व्हेलॉसिटीचं आणि अ‍ॅक्सलरेशनचं चिन्ह सारखं तर स्पीड वाढते, व्हेलॉसिटी आणि अ‍ॅक्सलरेशन दोन्ही लिहून मग निष्कर्ष.

२०२५ पासून कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, स्टॅट्स, इकॉनॉमिक्स या परीक्षा मिश्र झाल्या: बहुपर्यायी ब्लूबुक अ‍ॅपवर, दीर्घोत्तरी कागदाच्या वहीत. प्रश्न स्क्रीनवर दिसतात, उत्तर वहीत त्याच क्रमांकाच्या पानावर. कच्च्या कागदावर लिहिलेलं कोणी तपासत नाही. इंग्लिश, इतिहास, कॉम्प्युटर सायन्स पूर्ण अ‍ॅपवर. लॅपटॉपवर अ‍ॅप आधी उघडून परीक्षेची तयारी पूर्ण झाली आहे ना, हे घरीच बघा.

चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, हे २०११ पासून. एकही बहुपर्यायी रिकामा ठेवू नका.

पायवाट
बीसी अवघड वाटतेय, तर एबी आणि बीसी दोन्ही देता येतील का? एक गेली तर दुसरी हाताशी.

लाल_शाई
एकाच वर्षी दोन्ही देता येत नाहीत. गरजही नाही. बीसीच्या निकालाबरोबर एबीचा वेगळा सबस्कोअर मिळतो, म्हणजे बीसीत ३ आणि एबी भागात ५ असं होऊ शकतं आणि काही कॉलेजं तोही मानतात. बीसीमध्ये ५ मिळवणारी मुलं चाळीस टक्क्यांहून जास्त असतात. ते पेपर सोपा म्हणून नव्हे, मुळात बीसी घेणारी मुलं निवडलेली असतात म्हणून. हा आकडा बघून कोणी ढिलाई करू नये.

ओसरी
यूएस हिस्टरी आणि इंग्लिश लँग्वेज इंजिनिअरिंगवाल्यांनी सोडाव्यात का? मी म्हणेन नको. बऱ्याच विद्यापीठांत या दोन्हींवर सर्वांसाठीच्या अनिवार्य कोर्सची सूट मिळते, म्हणजे पहिल्या वर्षात एक जागा मोकळी. ती जागा फिजिक्सच्या लॅबइतकीच मोलाची.

हिस्टरीत कागदपत्रांवरचा निबंध एकूण स्कोअरच्या २५ टक्के. सात कागद, सात गुण. प्रबंधवाक्याला एक, पार्श्वभूमीला एक, पुराव्याला तीन, विश्लेषणाला दोन. पुराव्याचे दोन मिळायला चार कागद मुद्द्याच्या बाजूने वापरावे लागतात. नुसता "कागद ३ म्हणतो की" असा सारांश चालत नाही. कागदांबाहेरची एक माहिती द्यावी लागते, तिला वेगळा गुण. किमान दोन कागदांबाबत लिहिणारा कोण, कोणासाठी, कशासाठी लिहितोय आणि त्याने मुद्द्याला काय फरक पडतो हे सांगायचं. ६० मिनिटांपैकी १५ वाचनाला सुचवलेली आहेत, ती वापरा.

इंग्लिश लँग्वेजमध्ये तीन निबंध सव्वादोन तासांत. सगळ्यांत जास्त गुण जातात ते दुसऱ्यात, भाषणाच्या विश्लेषणात: अलंकारांची यादी करतात आणि वक्त्याने ते त्या श्रोत्यांपुढे का वापरलं हे लिहीत नाहीत.

माहेरची_पेठ
भारतातून देणाऱ्यांसाठी काही? पुण्यात अकरावी-बारावी करून अमेरिकेला अर्ज करायचा आहे.

घाटमाथा
बारावीच्या अभ्यासक्रमातून बीसीचा बराचसा भाग होतो. जे होत नाही ते नीट ओळखा: सिरीजचा अभिसार तपासण्याच्या कसोट्या, टेलर मालिका आणि चुकीची मर्यादा, ध्रुवीय निर्देशकांतलं क्षेत्रफळ, ऑयलरची पद्धत. आणि आपल्याकडे उत्तर काढण्याची सवय असते, वाक्यात कारण लिहिण्याची नसते; लाल_शाई ताईंचा वरचा प्रतिसाद दोनदा वाचा.

तारखांची टक्कर मात्र खरी आहे. २०२५ मध्ये नीट ४ मे रोजी, एपी ५ ते १६ मे, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड १८ मे. २०२४ मध्येही नीट ५ मेला आणि एपी ६ पासून. नीट देणाऱ्याने पहिल्या दोन-तीन दिवसांतली एपी घेऊ नये. केंद्राची स्वतःची फी वरून असते, जागा लवकर भरतात, त्यामुळे सप्टेंबरातच केंद्राशी बोला.

अर्ज करायचा तो अकरावीच्या स्कोअरवर, हे इथेही लागू. म्हणून बीसी किंवा इकॉनॉमिक्सची जोडी अकरावीच्या मे महिन्यात, बाकी बारावीनंतर.

उंबरठा
याच्या उलट प्रवास करणाऱ्यांसाठी: अमेरिकेतून परत येऊन एनआयटीत डासामार्फत (परदेशात शिकलेल्यांसाठीच्या प्रवेश योजनेतून) जायचं असेल तर एपी कामाचे नाहीत. पूर्वी डासाला सॅट सब्जेक्ट टेस्टमधले मॅथ लेव्हल २, फिजिक्स, केमिस्ट्री लागायचे. त्या बंद पडल्यावर जेईई मेन आली. एपीतले ५ जेईई मेनची किंवा नीटची जागा घेत नाहीत.

केंब्रिजला अमेरिकी अभ्यासक्रमातून जायचं तर साधारण पाच एपींत ५ लागतात. तिथे इंजिनिअरिंगसाठी बीसी आणि फिजिक्स सी सोडून इलाज नाही, आणि बारावीच्या परीक्षाही मोजल्या जातात कारण प्रवेशाला अट घालून देतात.

पायवाट
मराठीचं एपी आहे का? मुलाचं मराठी चांगलं आहे.

ओसरी
नाही. हिंदीचंही नाही. परकीय भाषांत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन. मराठीसाठी वाट वेगळी: अनेक राज्यांत शाळा सोडताना द्विभाषिकत्वाचं सील मिळतं, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये सुरुवात केली. मराठीचं प्रावीण्य कुठल्या चाचणीवर मानायचं ते तुमच्या शाळेच्या डिस्ट्रिक्टला विचारा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांत जाणाऱ्यांची भारती विद्यापीठाची परीक्षा असते, तिचं प्रमाणपत्र सोबत न्या. अवांतर झालं, थांबतो.

काटेसावर
वर्ग न घेता परीक्षा द्यायची तर? आणि स्कोअर वाईट आला तर तो सगळीकडे जातो का?

त्रिज्या
दुसरं आधी. रिपोर्ट मागवला की आजवरचे सगळे स्कोअर जातात, निवडून पाठवता येत नाहीत. एखादा एका कॉलेजपासून रोखायला १० डॉलर, कायमचा रद्द करायला फुकट, पण रद्द झालेला परत येत नाही. त्या वर्षीच्या फुकट रिपोर्टमधून वगळायचा तर १५ जूनपर्यंत, म्हणजे निकाल दिसण्याच्या आधी. पण अर्जावर आपणच लिहायचे असतात; ज्या कॉलेजने सगळे मागितलेले नाहीत तिथे २ लिहिण्याची सक्ती नाही. त्यामुळे "वाईट आला तर?" या भीतीपोटी परीक्षा सोडू नये.

वर्गाशिवाय देण्यासाठी विषय निवडताना प्रयोगशाळा नसलेले घ्या: मायक्रो, मॅक्रो, स्टॅट्स, जावा येत असेल तर कॉम्प्युटर सायन्स ए. तिच्यातून २०२५-२६ पासून इनहेरिटन्स काढलं आहे, जुने पेपर सोडवताना ते प्रश्न गाळा. कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स नको. तिचे ३० टक्के वर्गात करून जमा करायच्या प्रकल्पाचे आहेत. केमिस्ट्री घरी बसून करू नका.

शाळा बाहेरचे किंवा वर्गात नसलेले विद्यार्थी घ्यायला बांधील नाही. स्वतःच्या शाळेतल्या एपी कोऑर्डिनेटरला सप्टेंबरात ईमेल करा: विषयाचं नाव, "फक्त परीक्षा", आणि जॉइन कोड द्याल का. तो कोड माय एपी या संकेतस्थळावर टाकला की "एक्झाम ओन्ली" विभाग दिसतो. नुसता कोड टाकून पुरत नाही, नोंदणीसमोर "होय" दिसतंय ना, ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा उघडून बघा. शाळेची आतली मुदत कॉलेज बोर्डाच्या (एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) मुदतीआधी दोन-तीन आठवडे असू शकते. नकार आला तर जवळच्या शाळांना विचारायला वेळ उरायला हवा.

काटेसावर
मग उदाहरणातल्या मुलीसाठी यंदा बीसी, यूएस हिस्टरी, इंग्लिश लँग्वेज नक्की. फिजिक्स १ जानेवारीतल्या सरावावर.

पावकी_निमकी
जानेवारी नाही चालणार. नोंदणी नोव्हेंबरातच करायची, नंतर काढली तर ४० जातील. डिसेंबर-जानेवारीत दोन पूर्ण सराव पेपर द्या आणि मग ठरवा. नोव्हेंबरात नोंदवली नाही आणि मार्चमध्ये "देऊ या" वाटलं, तर ४० वर भरून १३९, तेही कोऑर्डिनेटरने मान्य केलं तर.